पाटी रिकामी जात नाही

निवृत्त माणसाला लोक विचारतात, वेळ कसा जातो? मला मात्र हमखास दुसराच प्रश्न येतो : बाई, तुम्ही किती मुलं वाचवलीत? विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी काहीतरी गुळमुळीत बोलून चहा पुढे करते. खरं सांगायचं तर वाचलेली मुलं मला आठवत नाहीत. ती मोठी होतात, तलासरीच्या नाक्यावरून मोटारसायकलने भुर्रकन निघून जातात आणि ओळखही देत नाहीत. त्यांनी ती देऊ नये हेच बरं. आठवतात ती न वाचलेली. आणि त्यांच्याबरोबर आठवते एक म्हातारी, जी माझ्या कामाच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हती.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही मुलांना गाणी शिकवतो. गाणी सेविका शिकवतात. पर्यवेक्षिकेने पाड्यापाड्यावर जाऊन बघायचं असतं, की वजनकाटा खरा बोलतोय का, खिचडी खरंच शिजली का, आणि मुलाच्या दंडाला गुंडाळायची ती पट्टी नीट गुंडाळली जाते का. त्या पट्टीवर तीन रंग असतात. दंड हिरव्यात आला तर आईला सोडायचं, पिवळ्यात आला तर बसवून समजवायचं, लाल आला तर दवाखान्याची गाडी बोलवायची. सगळी नोकरी त्या वीतभर पट्टीवर चालते. मला अजून सवय आहे. लग्नात कोणाचं बाळ कडेवर घेतलं की माझी बोटं आधी त्याच्या दंडाभोवती जातात. बाळाच्या आईला वाटतं, मी लाड करतेय.

महिन्यातून एकदा आयांची बैठक असायची. तिथे मी प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं यांच्यावर बोलायची. बाया मान डोलवायच्या आणि घरी जाताना पाड्याच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून लेकराला रंगीत पुडी घेऊन द्यायच्या. त्या दुकानाच्या दारावर चिप्सच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असत, बरोबर रांगणाऱ्या पोराच्या नजरेला येतील अशा. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. त्याचंही लेकरू तेच खायचं.

अशाच एका बैठकीत देवलीबाई मध्येच बोलली. देवलीबाई त्या पाड्यावरची जाणती बाई, तळहाताएवढी शेती, गुडघाभर लुगडं, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. ती म्हणाली, "म्याडम, पहिली दर्याकडची बाय पाटी घेऊन यायची. ती सुकट द्यायची, आम्ही नागली द्यायचो. आथा ती येत नाय. पुड्यांची गाडी येते."

एवढंच. पण माझी प्रथिनांची सगळी पोपटपंची त्या चार वाक्यांनी बंद पाडली. लहानपणी मीही ते पाहिलेलं होतं. किनाऱ्यावरच्या बाया सुक्या मासळीची पाटी, म्हणजे बांबूची पसरट टोपली, डोक्यावर घेऊन आत जंगलपट्टीत यायच्या, आणि पाटीभर मासळीच्या बदल्यात पाटीभर नागली म्हणजे नाचणी, नाहीतर रानातली भाजी घेऊन जायच्या. तिकडे दाणा नाही, इकडे मासळी नाही. दोन्हीकडची ताटं त्या पाटीवर भरायची.

मी कोणाला तरी सांगायचं म्हणून हिरूबायला सांगितलं. हिरूबाय डहाणू स्टेशनाबाहेर सुकी मासळी घेऊन बसायची. घर वाढवणच्या अलीकडच्या एका गावात. मी तिची जुनी गिऱ्हाईक. भाव कमी कर म्हटलं की ती माझी पिशवी परत माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, जा, भाजीपाला खा. तिने माझं सगळं ऐकलं, बोंबलावर बसलेल्या माश्या हाकलल्या आणि म्हणाली, "माझी सासू चालत जायची तिकडे. मी पण गेलेली, नवी नवरी व्हती तवा. पाड्याचं नाव सांग."

पुढच्या मंगळवारी ती एसटीने खरंच पाड्यावर हजर झाली. त्या दिवशी अंगणवाडीसमोरच्या चिंचेखाली जे झालं त्याला आजकाल चळवळ, मोहीम असलं काहीतरी म्हणतात. आम्ही त्याला काहीच नाव दिलं नव्हतं. बाया नुसतं "मंगळवार" म्हणायच्या. मंगळवारला येते का? मंगळवारला काय आणलं? सरकारी योजना नव्हती, संस्था नव्हती, फलक नव्हता. मी तिथे असायची ती साहेबांना न सांगता, पाडा माझ्या वाटेवरच आहे असं दाखवून.

नियम हिरूबायने आणि देवलीबाईने पहिल्याच दिवशी ठरवले, किंवा ते आधीपासूनच ठरलेले होते आणि त्यांनी नुसते आठवून सांगितले. एक, पैसा नाही. दोन, ज्या घरी पाटी गेली त्या घरातून ती रिकामी परत जाणार नाही. आणि तीन, पाटीत घालायचं ते आपल्या घरात खातात तेच घालायचं; मुद्दाम विकत आणून नाही, आणि आपण खात नाही ते दुसऱ्याला नाही. घेणाऱ्यानेही ते घरी नेऊन खायचं, नाक मुरडायचं नाही.

हळूहळू हिरूबायबरोबर तिच्या गावच्या आणखी बाया यायला लागल्या. जवळा यायचा, सुकट यायची, जोडीजोडीने बांबूवर अडकवून वाळवलेले बोंबील यायचे. इकडून नागली जायची, उडीद, करांद्यांचे कंद, आणि टाकळा, कुर्डू, शेवळं या रानभाज्या. शेवळांबरोबर काकडाची आंबट फळं दिली नाहीत तर घसा खाजतो, हे देवली प्रत्येक दर्यावालीला पुन्हा पुन्हा बजावायची. एकीने ते ऐकलं नाही, आणि पुढच्या मंगळवारी घोगऱ्या आवाजात भांडायला आली. सुकट भाजून कुटून तिची भुकटी लेकराच्या पेजेत घालायची, ही हिरूबायच्या घरची रीत. ती पाड्यावर अशी रुळली की काही महिन्यांनी माझ्या पट्टीवर काही पोरांचे दंड लालमधून पिवळ्यात सरकले. अर्थात सगळ्यांचे नाही. एक तान्ही मुलगी सगळं करूनही गेली. तिची आई त्यानंतरही मंगळवारला यायची, काही न आणता, नुसती बसायला. हिरूबाय तिच्या ओटीत मूठभर सुकट घालायचीच. रिकामी पाटी परत जात नाही, मग रिकामी बाई कशी जाईल, असं तिचं म्हणणं.

बायांनी दुकानदाराशीही बोलणी केली. दुकान बंद कर असं नाही म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, की पुड्यांच्या माळा आत टांग, दारावर नको. तो महिनाभर कुरकुरला, मग एक दिवस माळा आत गेल्या. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा बढतीच्या कागदाने झाला नव्हता.

एकदा मुंबईहून सात्त्विक आहारवाल्या मंडळींचा एक गट आला. कुठून तरी ऐकून, फोटो काढायला. भली माणसं. त्यांना करांदे हवे होते, पण पाकिटं बाहेर काढली तर बाया मागे सरकल्या. पैसे चालत नाहीत म्हटल्यावर ती मंडळी बावरली. शेवटी एका बाईंनी आपला डबा उघडला, त्यात मेथीचे ठेपले होते. हिरूबायने वास घेतला, एक मोडून खाल्ला, आणि "घरचा हाय" असं जाहीर केलं. मग सगळ्यांचे डबे उघडले. एक गृहस्थ उपासाला होते. त्यांच्याकडे फक्त औषधी काढ्याची बाटली होती. तीही पाटीत गेली. देवलीने तो काढा नियमाप्रमाणे पिऊन संपवला, आणि पुढचे दोन मंगळवार आम्हाला त्या काढ्याचे परिणाम सविस्तर ऐकावे लागले.

हसायचे दिवस होते ते. फार टिकले नाहीत. जवळा किनाऱ्यावरूनच ट्रकात भरून कोंबड्यांच्या खाद्यासाठी जायला लागला, वाळवायला उरेना. समुद्रात मासळी कमी, आणि गावात बंदराची चर्चा, सभा, मोर्चे. हिरूबायही मोर्च्यात जायची, आणि तिथून परस्पर मंगळवारला यायची. एसटीत कंडक्टर पाटी चढवू देईनात, वास येतो म्हणून. हिरूबाय पायरीवर उभी राहून विचारायची, तुझ्या आईने तुला काय घालून वाढवला? कंडक्टर हसून घंटी मारायचा. पण तिच्या बरोबरच्या तरुण बायांना ते भांडण जमेना, त्यांना लाज वाटायची. इकडे पाड्यावरचीही निम्मी घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर आणि गुजरातेत कामाला जायची. चिंचेखालची गर्दी विरत गेली. मी निवृत्त झाले तेव्हा मंगळवारला पाट्या उरल्या होत्या दोन. एक हिरूबायची आणि एक देवलीची. त्या दोघींनी मात्र एकही मंगळवार चुकवला नाही. मीही जायची, आता साहेबांची भीती नव्हती.

मग एका पावसाळ्यात हिरूबायला खाल्लेलं टिकेना. आधी पित्त म्हणून झालं, मग डहाणूला दाखवलं, मग वलसाडला. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी मुलाला बाजूला नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. हिरूबायने मुलाच्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि म्हणाली, चल घरी.

त्यानंतरही ती एकदा मंगळवारला आली. पाटीत बोंबील होते, तिने स्वतः वाळवलेले. कसे वाळवले असतील देव जाणे. देवलीकडे त्या दिवशी बदल्यात द्यायला चांगलं काही नव्हतं. जुनं धान्य सगळ्याच घरांतलं संपत आलेलं असतं त्या दिवसांत, आणि नवं शेतात उभं. हिरूबायने पाटी तिथेच ठेवली. म्हणाली, "नवं झालं का भरून दे. मी येईन, नायतर तू घेऊन ये." देवलीने ती पाटी घरात आढ्याला टांगून ठेवली.

हे "नवं" समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नव्या भाताचा पहिला घास देवाचा आणि पितरांचा. सगळ्या पाड्याने मिळून एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी नवा तांदूळ रांधून पानांवर वाढायचा, आणि मगच माणसांनी खायचा. तोवर शेतात भात पिवळंधमक झालं तरी त्यातला दाणा कोणी तोंडात टाकत नाही आणि बाहेर कोणाला देतही नाही. एकाने मोडलं तर त्याचं सगळ्या पाड्याच्या पोरांवर येतं, अशी तिथली श्रद्धा. ज्या पाड्यावर पोरं जाताना बघितलेली आहेत, तिथे ही श्रद्धा किती घट्ट असेल, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल.

मी हिरूबायला बघायला गेले तेव्हा ती खाटेवर होती. माझी बोटं सवयीने तिच्या दंडाभोवती गेली. मोठ्या माणसांसाठी ती पट्टी नसते. सून भारती तिला चहात बिस्किट बुडवून चमच्याने भरवत होती. तेवढंच काय ते पोटात राहायचं. अंगणातले बोंबील वाळवायचे बांबू मोकळे होते, त्यांवर कपडे वाळत होते. मी विचारलं, काही खावंसं वाटतं का? तिने दारातून त्या बांबूंकडे बघितलं. मग म्हणाली, "देवलीच्या नव्या भाताची पेज भेटली तर घेईन."

मी तशीच तलासरीची गाडी पकडली. देवलीच्या शेतातला हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा, भात कापायला आला होता. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खाली बसली. मग म्हणाली, की या वर्षी नव्याचा दिवस पुढे गेलाय. पाड्यावर एक म्हातारा वारलाय, त्याचे दिवस झाल्याशिवाय नवं करता येत नाही. थोडंच थांबायचंय.

माझा संयम सुटला. इतकी वर्षं मी त्या पाड्यावर भूक या एका शब्दासाठी भांडले होते, आणि आता मरणारी बाई पेज मागत होती आणि समोर भात उभा होता. मी म्हटलं, "ओंजळभर काप, देवली. कोणाला कळणार आहे?"

"माना कळंल," ती म्हणाली.

तरी ती उठली आणि पाड्यावरच्या वडीलधाऱ्याकडे गेली, बाहेरच्या माणसाला आधी दिलं तर चालतं का हे विचारायला. मीही मागे गेले. वडीलधाऱ्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि हिरूबायची सगळी विचारपूस केली. त्यानेही तिची सुकट खाल्ली होती. मग तो म्हणाला, की ती बाहेरची आहे असं तुम्हीच म्हणताय. मी तिला बाहेरची समजत नाही, म्हणून तिलाही आधी देता येणार नाही. देवलीने घरातली होती नव्हती ती जुनी नागली दळून माझ्याबरोबर दिली. परतताना मी रागाने तिच्याशी बोललेही नाही, आणि ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

हिरूबायने त्या नागलीची आंबील दोन चमचे घेतली, आणि पुढचा चमचा हाताने बाजूला केला. मी तिला पाड्यावरची सगळी हकीगत सांगितली, थोडी देवलीची तक्रार केल्यासारखीच. वाटलं, ती माझ्या बाजूने होईल. ती म्हणाली, "बरं केलं तिनं. पोरंबाळं हायत तिच्या पाड्यात. देवाच्या आधी मना नको." मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "थांबते मी."

पण तिला थांबता आलं नाही. नव्याच्या आधीच ती गेली. समुद्राला भरती होती, आणि अंत्ययात्रेला सगळं गाव होतं. देवली आली होती. ती एका कडेला उभी राहिली, रडली नाही. तिच्या हातात काही नव्हतं आणि ते हात कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं.

नवं झालं त्या दिवशी मी पाड्यावर होते. देवलीने बोलावलं होतं. लाल तांदळाच्या वाफेचा वास सगळ्या पाड्यावर भरला होता. हिरूबायला त्याच वासाची पेज हवी होती. मला तो सहन होईना. ओळीने सागाची पानं मांडली, त्यांवर पितरांचा भात वाढला. सगळं झाल्यावर देवली घरात गेली आणि आणखी एक पान घेऊन आली. ते तिने ओळीच्या बाहेर, जरा दूर मांडलं. भात वाढला, आणि त्यावर एक बोंबील ठेवला, हिरूबायने शेवटच्या पाटीतून आणलेल्यांतला. तिने तेवढा एक राखून ठेवला होता.

वडीलधाऱ्याने विचारलं, हे कोणाचं? देवली म्हणाली, दर्याकडचीचं. तो काठी टेकत उठला, वाकला, आणि दूर ठेवलेलं ते पान सरकवून ओळीत घेतलं. मी चिंचेखाली जाऊन पोटभर रडले.

दोनचार दिवसांनी देवलीने आढ्याची पाटी काढली. नव्या तांदळाने काठोकाठ भरली, वर फडकं बांधलं, आणि आम्ही दोघी हिरूबायच्या घरी गेलो. भारतीने पाटी ओळखली. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली, मग तांदूळ आत नेऊन डब्यात ओतला. आत तिचा वावर ऐकू येत होता. झाकणं उघडत होती, बंद होत होती. तिला नियम माहीत होता. सासूने तिला एवढं एक नक्कीच शिकवलं होतं. पण होडी विकलेली होती, नवरा बोईसरच्या कारखान्यात लागला होता, आणि घरात मासळीचं शेपूटसुद्धा नव्हतं.

खूप वेळाने ती बाहेर आली. पाटीच्या तळाशी बिस्किटांचे पुडे होते. तिची मान खाली होती.

"घरात दुसरं काय नाय, मावशी," ती म्हणाली. "आई शेवटी शेवटी हेच खायची."

मी देवलीकडे बघितलं. तिच्या घराच्या उंबऱ्याच्या आत दुकानातला पुडा कधी गेला नव्हता. नातवंडांच्या हातातून तिने ते काढून घेतले होते, सुनांची बोलणी खाल्ली होती, दुकानाच्या दारावरच्या माळा आत करायला लावल्या होत्या. तिने दोन्ही हात पुढे करून पाटी घेतली आणि कपाळाला लावली.

एसटीला वेळ होता. आम्ही थांब्यावर बसलो, मध्ये पाटी. माझ्या आयुष्यात मी जेवढी भाषणं केली ती सगळी त्या पुड्यांविरुद्ध होती. देवलीने एक पुडा दातांनी फोडला, एक बिस्किट काढून मोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"खा, म्याडम," ती म्हणाली. "हिरूबायच्या घरचं हाय."

मी खाल्लं.